टाच शेवटी

हवालदाराने पिशवीतून चिखलाने माखलेला एकच बूट काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवला. "धरणात बॉडी सापडलीय. चेहऱ्यावरून काही कळत नाही. बूट विलायती दिसतोय, म्हणून साहेब म्हणाले, खरटमलकाकांना दाखवा."

जुना इंग्लिश बूट हातात घेऊन कारखाना सांगणारा अख्ख्या पुणे कॅम्पात तुळशीदास खरटमल एकटाच. त्याने चष्मा पुसला, बूट मांडीवर घेतला. आतल्या अस्तरावर शाईने लिहिलेला नंबर अजून टिकून होता. तळव्याच्या कडेचे टाके त्याने नखाने मोजले. इंचाला बारा! म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"नॉर्थॅम्प्टनचा माल. हातशिलाई. साठ वर्षं तरी जुना असेल. असं काम आता बघायला मिळत नाही."

"म्हणजे कुणीतरी बडी असामी," हवालदार लिहून घेत म्हणाला.

"थांबा, टाच राहिली."

टाच तो नेहमी शेवटी बघायचा. टाच झिजते, मोची बदलतो, तिच्यावरून कारखाना कळत नाही. त्याने बूट उलटा केला आणि चिखल अंगठ्याने पुसला. टाचेच्या बाहेरच्या कडेला चामड्याची जास्तीची पट्टी होती, तांब्याच्या तीन तिरक्या खिळ्यांनी ठोकलेली. अंगठा तिथेच थांबला.

"काय झालं काका? कुणी बसवलीय, कळतंय का?"

"मीच," तुळशीदास म्हणाला. "माझा पोरगा हा पाय ओढतो. त्याला अशा टाचा करून देतो, तो कुठल्याही बुटाला लावून घेतो. पण तो तर नाशकाला गेलाय."