ओट्यापासून गॅलरीपर्यंत

पहाटे मार्थाबाई स्वयंपाकघरातून झांज वाजवत निघाल्या. मागे मेणबत्ती घेऊन त्यांचे यजमान, शिमोनराव. ईस्टरची प्रभातफेरी दरवर्षी चर्चमधून निघून त्यांच्या गल्लीत यायची. यंदा लॉकडाऊनमुळे तिचा रस्ता ओट्यापासून गॅलरीपर्यंतच होता.

“अहो, रांगेत चाला.”

“एकट्याची रांग कशी करू?” म्हणत शिमोनराव वॉशिंग मशीनला वळसा घालून आले.

गॅलरीत उभं राहून मार्थाबाईंनी खड्या आवाजात ललकारी दिली, “प्रभू उठला आहे!”

एरवी शंभर गळ्यांतून उत्तर यायचं, “खरोखर उठला आहे!” पण गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. शिमोनरावांनी दिलेल्या उत्तराने फक्त मेणबत्ती विझली. मार्थाबाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीत दिवा लागला. फेरीमुळे झोपमोड होते म्हणून दरवर्षी भांडणारे देशमानेकाका बाहेर आले. मार्थाबाईंनी घाईने झांज पदराआड केली.

“काय हे वहिनी,” काका करवादले. “कधीचा जागा बसलोय. यंदा उशीर केलात.” मग त्यांनी मास्क खाली ओढला, घसा खाकरला आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा जागी होतील अशा आवाजात म्हणाले, “खरोखर उठला आहे!”

एकेक खिडकी उघडू लागली. “आम्हीपण उठलो,” वरून कुणीतरी ओरडलं.

मार्थाबाईंनी झांज पुन्हा बाहेर काढली, मान ताठ केली आणि यजमानांना म्हणाल्या, “मेणबत्ती लावा. फेरी गल्लीत पोचली.”