हर्मनकाकांचा झेंडा

अमेरिकेत, बॉथेलमध्ये आमच्या शेजारी राहणारे हर्मनकाका मूळचे इंडोनेशियाचे. बॅडमिंटनच्या थॉमस कपची फायनल बघायला ते आपल्या देशाच्या झेंड्याच्या रंगांचा लाल-पांढरा मफलर घालून आमच्याकडे आले. भारतानं त्यांच्या संघाला हरवलं, आम्ही नाचलो आणि काकांनी मफलरनं डोळे टिपले. अठ्ठ्याण्णवच्या दंगलीत, चिनी वंशाचे म्हणून, जमावानं जकार्तातलं त्यांचं दुकान जाळलं होतं. सरकार नुसतं बघत राहिलं. माझ्या लेकीला राहवलं नाही, तिनं विचारलंच, "काका, त्या देशासाठी रडताय?" "सरकार म्हणजे देश नव्हे, बेटा. आमची दुकानं जळली त्याच महिन्यात आमच्याच वंशाची पोरं हाच कप खेळायला परदेशात होती. जीव घरच्यांत अडकलेला, तरी याच झेंड्यासाठी खेळली आणि जिंकली. मग मी कोण रुसणारा?" टीव्हीवर भारताचं राष्ट्रगीत सुरू झालं. सगळ्यांच्या आधी काकाच ताठ उभे राहिले.