दोरीच्या खांबांची वजनं
आमच्या ऑरिनला मला, म्हणजे आपल्या आईला, काही विचारायचं म्हणजे जिभेला फोड येतात. जुन्या ट्रॅक्टरनं चढावर तोंड उचलू नये म्हणून पुढच्या चाकांना लोखंडी वजनं लावतात. ती शोधत महिनाभर तो विस्कॉन्सिनमधले भंगारवाले पालथे घालत होता. काल आणलेल्या जोडीची भोकंच जुळेनात. तरी पठ्ठ्या वजनांशिवायच ट्रॅक्टरला गवताचा गाडा जोडून टेकडी चढला आणि पुढची चाकं वीतभर उठली. खिडकीतून पाहिलं तेव्हापासून चैन नाही. आज उजाडताच मी कपडे वाळवायची दोरी सोडली, दोन्ही खांब उपटले आणि त्यांच्या बुडाची वजनं घरंगळत ट्रॅक्टरपाशी नेली. ती याच ट्रॅक्टरची; खांब हलू नयेत म्हणून त्याच्या बापानंच काढून तिथं बसवली होती. बोल्ट अचूक बसले. "आई, ही अंगणातच होती?" तो म्हणाला. "तुझे सदरे त्यांच्याच आधारावर वाळतात. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. दोघांच्या ताठ्यापायी काल ट्रॅक्टर उलटून मेला असतास, गाढवा."