इतवारीची चुकलेली वाट

जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या म्हाताऱ्या इतवारीला वनपाल खुमेंद्रने उन्हाळ्यात सगळ्यांदेखत कामावरून काढलं होतं. तीस वर्षं जंगल पाठ असलेला माणूस तळ्याची वाट चुकला, बोलताना अडखळला, म्हणजे प्यायलाच असणार, असं त्याने ठरवून टाकलं. दिवाळीत इतवारी गोंदियाच्या दवाखान्यात असल्याचं कळल्यावर तो भेटायला गेला. डॉक्टर इतवारीच्या बायकोला सांगत होते, "नागपूरला मेंदूचा तुकडा तपासला. रक्तवाहिन्यांना सूज आहे. म्हातारपणी सगळे लकवाच समजतात. वेळेत औषध मिळतं, तर हा लुळा पडलेला हात वाचला असता. सुरुवात कधी झाली?" "महिना झाला असन," ती म्हणाली. खुमेंद्र पुढे झाला. "सहा महिने," तो म्हणाला, "मीच दारुडा म्हणून हाकललं याले." इतवारी खाटेवरून चाचरत म्हणाला, "साहेब, कधी थेंब नाही घेतला. पन तुमी म्हनलं तं मलेबी वाटलं, पेलोच असन."