दिवेलागणीची गाडी

कल्याणच्या अलीकडे, विश्रामरावांच्या नव्या घरापुढे आगगाडी थांबली. म्हणजे थांबली नाही. तसं खुद्द विश्रामरावांनीच रेल्वे कंपनीला लिहून दिलंय, आणि ते तिथल्या पार्सल कचेरीत कारकून असल्यामुळे विश्वास ठेवणं भाग आहे.

तर न थांबलेली ती गाडी यायच्या जरा आधी विश्रामराव दिवाणखान्यात उभे होते. मंगळुरी कौलं, खिडक्यांना काचा, बसायला खुर्च्या. घर इतकं नवं की जोडे काढावेत की घालूनच आत यावं या विचारात पाहुणे दारात घुटमळत. राहिला होता फक्त दिवा. रुळाकडच्या खिडकीत टांगायला बोहऱ्याकडून तीन काचेच्या हंड्या पसंतीला आणल्या होत्या. एक पांढरी, एक हिरवी, एक लालभडक.

"पांढरी घेऊ," विश्रामराव म्हणाले. "आमच्या कंपनीत पांढरा दिवा म्हणजे रस्ता मोकळा. हिरवा म्हणजे गाडी हळू. लाल म्हणजे..."

"गाडी थांबवा," आवडाबाई म्हणाल्या. "ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून इकडून दुसरं काही सांगणंच झालं नाही."

"मग?"

"लालच बरी. नव्या घराला जरा रंग नको?"

आणि त्यांनी लाल हंडीत दिवा लावून टाकला. भिंती आमसुलाच्या सारासारख्या झाल्या. छानच दिसतंय की, असं विश्रामरावांच्या मनात येतंय तोच बाहेर कर्कश शिटी झाली, चाकं किंचाळली, आणि कसाऱ्याकडून आलेल्या गाडीचा तिसऱ्या वर्गाचा डबा अंगणातल्या तुळशीसमोर येऊन उभा राहिला.

डब्यातून आधी फणस उतरवावा की रखमाबाई, यावर आत थोडा वाद झाला. शेवटी दोन्ही एकदमच उतरले.

"जावईबापू, तुमची कंपनी गुणाची हो!" रखमाबाई गुडघे चोळत पायऱ्या चढल्या. "टिटवाळ्यात बसले ती थेट लेकीच्या दारात. आवडी म्हणालेली, तुझ्या पायांना एक पाऊल जास्त पडायचं नाही."

विश्रामरावांनी बायकोकडे पाहिलं. ती आढ्याची कौलं मोजत होती.

तोवर गार्ड गुणाजी धावत आला. "दिवा मालवा आधी! लाल दिसतोय तोवर गाडी हलायची नाही."

"दिवेलागणीचा दिवा मालवायचा?" रखमाबाई कडाडल्या. "लक्ष्मी घरात यायच्या वेळेला? तुझ्या आईनं काही शिकवलं की नाही रे?"

गुणाजीच्या आईनं शिकवलं होतं. त्यानं टोपी काढली आणि दिव्याला हात जोडले. ते बघून अख्ख्या गाडीनं खिडक्या-खिडक्यांतून हात जोडले.

"निदान हलवा तरी," गुणाजी पुटपुटला.

"तेवता दिवा हलवतात?" आता आवडाबाई.

विश्रामरावांना आपली नोकरी जाताना दिसली. गाडी मात्र जात नव्हती.

"चालू द्या तुमचं. मी जरा टेकते," म्हणत रखमाबाई खिडकीच्या रुंद कठड्यावर बाहेर पाठ करून बसल्या. त्या आडव्या बांध्याच्या होत्या. उजेडाचा एक कण बाहेर जाईना. इंजिनवाल्याला लाल दिसेनासं झालं, त्यानं शिटी दिली आणि गाडी निघाली. गुणाजी टोपी सावरत मागे पळाला.

मग फणस फोडला. लाल उजेडात गरे केशरी दिसत होते. विश्रामरावांनी पोटभर खाल्ले, हात धुतले, आणि नव्या खुर्चीत बसून कंपनीला लिहायला घेतलं:

"आज सायंकाळी कोणतीही गाडी कुठेही थांबली नाही. तथापि सासूबाई खिडकीत रोज बसू शकतीलच असे नाही, आणि दिवा घरात पसंत पडला आहे. सबब लाल दिव्याचा अर्थ, निदान या घरापुरता, ‘या, बसा’ असा धरण्याचा हुकूम व्हावा, ही विनंती."