अंबाड्यातला नमुना

दिगंबररावांनी कात्री मागितली, पण बायकोने, शकुनने, ती दिली नाही.

"अगं, फुलाशिवाय वनस्पतीची जात ठरत नाही. आमच्या खात्याचे देवसाहेब चहाला येतायत. त्यांच्यादेखत कापतो आणि कागदात दाबून नमुना करून टाकतो."

भवानीपूरच्या त्यांच्या घराच्या अंगणात आंब्याच्या फांदीवर पिवळा घोस लोंबत होता, फुलाफुलाला झालर. जलपाईगुडीच्या रानात शकुनने पदर खोचून, उंच साल वृक्षावर चढून ते ऑर्किड सोडवलं होतं. इथं आंब्याला काथ्याने बांधून उन्हाळेच्या उन्हाळे पाणी शिंपडलं, तेव्हा कुठं यंदा ते फुललं. तेव्हा हे महाशय नाकाला रुमाल लावून डाकबंगल्यात पडले होते. जन्मभर संग्रहालयात वाळकी ऑर्किडं चाळणाऱ्या या वनस्पतितज्ज्ञाला जिवंत ऑर्किड पाहायला मान वर करायचाही कंटाळा.

आणि निबंधात लिहिलं काय, तर खडकावर वाढणारी नवी जात! झाडावरची म्हटली असती तर ती जुन्याच जातीत जमा झाली असती, आणि देवसाहेबांच्या हातातली बढतीही हुकली असती.

"अहो, ते मी झाडावरून काढलंय."

"तुला काय कळतं त्यातलं? बायकांनी फुलं माळावीत."

शकुनला नवऱ्याची किळस आली. तिचं फूल रद्दीत चेपून घेऊन खोटी साक्ष देणार होतं. ती कात्री घेऊन अंगणात गेली. घोस तिने स्वतःच कापला.

देवसाहेब आले. "चला, दाखवा तुमची नवी जात!"

आंब्यावर नुसती पानं होती. दिगंबररावांचा चेहरा पडला.

तेवढ्यात शकुन चहा घेऊन आली. अख्खा घोस तिच्या अंबाड्यात होता. दिगंबररावांचा हात पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला. साहेबांदेखत सवाष्णीच्या डोक्यातलं फूल ओढायचं कसं?

"वा! हेच का ते?" देवसाहेब निरखून पाहू लागले. "वहिनी, कुठं सापडलं हे?"

शकुनने आधी त्यांना कप दिला, मग नवऱ्याला.

"खडकावर, असं ह्यांनी लिहिलंय," ती म्हणाली. "मी चढले त्या खडकाला पानं होती."