डावी पोटरी

श्रीहरीची दुसरी थप्पड चंद्रिकेच्या गालावरून घसरली. त्याचा तळहात तेलकट होता. तिसऱ्या वेळी त्यानं मूठ वळली. तिचा ओठ फुटला आणि रक्ताचे थेंब इस्पितळाच्या पांढऱ्या फरशीवर पडले.

"आईला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

चंद्रिका फक्त सासूचं घसरलेलं नऊवारी सावरायला वाकली होती. राजसबाई चाकाच्या खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलेलं. डॉक्टर जननी टाके घालत होती. दोन रखवालदारांनी श्रीहरीला मागं ओढलं, तेव्हा त्यानं एकाच्या नाकावर कोपर मारलं.

डोक्याला मार लागलेला पेशंट म्हणून चौकीतला हवालदार वही घेऊन आला होता. श्रीहरीनं त्याला सगळं सांगितलं. वेलचेरी भागातलं चौथ्या मजल्यावरचं घर. सकाळचे साडेआठ. तो दारात बूट घालत होता. आत धप्प आवाज झाला. धावत गेला तर आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर रक्तात पडलेली, आणि बायकोचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर.

"कालच भांडली होती," तो म्हणाला.

"कशावरून?"

"डॉक्टरवरून. आईचा डावा घोटा मोडला होता. प्लास्टर काढून बारा दिवस झाले. पाय जरा सुजला, तर हिला लगेच डॉक्टर हवा. स्वतः सेवा करायला नको. आमच्या तंजावरच्या घरात असं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा पाय दुखला की मुलगा तिळेलाची वाटी घेऊन बसायचा. सून नाही, मुलगा. वडिलांनी आजीचे पाय चोळले, मी आईचे चोळतो. ऑफिसला निघण्यापूर्वी रोज अर्धा तास. आज पोटरी दगडासारखी लागत होती, ती मऊ करूनच उठलो. आणि मी दारात बूट घालतोय, तोवर हिनं ढकललं."

हवालदारानं त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरून घेतलं. 'ढकलले' या शब्दाखाली त्यानं रेघ मारली.

जननीनं शेवटच्या टाक्याचा दोरा कापला आणि चंद्रिकेकडे वळली. सकाळपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"आधी काय झालं? पडल्या आणि शुद्ध गेली, की शुद्ध गेली आणि पडल्या?"

"पाय चोळून झाल्यावर उठल्या. चार पावलं चालल्या," चंद्रिका फुटक्या ओठानं म्हणाली. "दम लागला म्हणाल्या. मग ओठ निळे पडले, डोळे वर गेले. मी धरायला धावले. आत्याबाई जड आहेत. मला सावरता आल्या नाहीत."

सासूला ती लग्नापासून आत्याबाईच म्हणत आली होती.

"खोटं बोलते," श्रीहरी ओरडला.

जननीनं मॉनिटर पाहिला. नाडी एकशे तीस. ऑक्सिजन चालू असूनही रक्तात कमीच. तिनं नऊवारीचा काठ दोन्ही गुडघ्यांपर्यंत वर सारला आणि खिशातून टेप काढली. उजवी पोटरी बत्तीस सेंटिमीटर. डावी छत्तीस, लाल आणि गरम. दोन्ही तेलानं चकाकत होत्या.

"फुप्फुसात रक्ताची गुठळी असणार. आत्ताच्या आत्ता स्कॅनला न्या."

"डोकं फुटलंय आणि तुम्ही पाय मोजताय?" श्रीहरी रखवालदारांच्या हातून सुटला आणि खाटेला आडवा उभा राहिला. "ही खोटं सांगते, आणि तुम्ही तिची बाजू घेता?"

जननी खाट पुढे ओढू लागली. त्यानं तिची कॉलर धरून तिला भिंतीवर फेकलं. कात्र्यांचा ट्रे खणखणत खाली आला. तिचा चष्मा त्याच्या बुटाखाली चुरडला.

तेव्हा चंद्रिकेनं खाटेचा दांडा धरला आणि अंगातलं सगळं बळ लावलं. लोखंडी कड श्रीहरीच्या मांडीवर आदळली. तो कोलमडला. खाट त्याच्या बाजूनं सुसाट निघाली. त्या दिवसात चंद्रिकेनं पहिल्यांदाच काही ढकललं होतं.

तासाभरानं जननी खाट घेऊन परत आली. तिच्या भुवईवर पट्टी होती. चष्मा नसल्यानं तिला कागद डोळ्यांजवळ धरावा लागत होता.

"मेंदूत काही नाही. फुप्फुसाच्या मोठ्या धमनीत गुठळी आहे. औषध सुरू केलंय. अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं." तिनं हवालदाराकडे पाहिलं. "पाय प्लास्टरमध्ये असताना त्यात गुठळी धरली होती. आज तिथून सुटली आणि फुप्फुसात अडकली. म्हणून शुद्ध गेली, म्हणून पडल्या. यांना कुणी ढकललेलं नाही."

हवालदारानं रेघ मारलेला शब्द खोडला.

"सुटली कशानं?" त्यानं विचारलं.

"अशी पोटरी जोरात चोळली की सुटू शकते."

हवालदारानं पेन तसंच धरून ठेवलं. अर्धा तास, दगडासारखी पोटरी, तिळेलाची वाटी, सगळं त्याच पानावर होतं. त्यानं मान वर केली. रखवालदारांनी दंड धरलेला श्रीहरी स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

खाटेवर राजसबाईंनी डोळे उघडले. मास्कच्या आतून आवाज आला.

"हरी, पाय ओढतोय रे. चोळ जरा."

रखवालदारांची पकड आपोआप सैल झाली. श्रीहरी खाटेशी आला. त्याचे हात सवयीनं पायांकडे गेले.

चंद्रिका मध्ये उभी राहिली. तिचा ओठ सुजला होता. गालावर तेलाची चार बोटं अजून चमकत होती.

"आत्याबाईंना हात लावायचा नाही," ती म्हणाली.